माल कोणाचा? घरात काम करणारी कारागीर स्त्री आणि स्वतःच्या धंद्याची पहिली पायरी

स्त्रिया आणि व्यापार हा विषय निघाला की मुस्लिम समाजात हजरत खदीजा (रजि.) यांचे नाव आदराने घेतले जाते. शालेय निबंधांपासून जलशांतील तकरिरींपर्यंत हे उदाहरण सर्वत्र आढळते. मात्र ते देताना त्यातील व्यवहाराचा भाग बहुधा निसटून जातो. खदीजा या कुरैश कबिल्यातील धनवान व्यापारी होत्या. काफिल्याबरोबर त्या स्वतः जात नसत. आपला माल विश्वासू माणसांच्या हाती शामच्या बाजारात पाठवीत आणि नफ्यातील ठरलेला हिस्सा त्यांना देत. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात दोघांचा वाटा, या कराराला फिकहच्या परिभाषेत मुदारबत म्हणतात. प्रेषित होण्यापूर्वी हजरत मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले होते, हे सीरतच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, मक्केतच राहूनही खदीजा व्यापारी होत्या, याचे कारण माल त्यांचा होता. तोटा आला असता तर तोही त्यांचाच होता.

आता दुसरे चित्र पाहावे. हैदराबादच्या जुन्या शहरात चारमिनारजवळचा लाड बाजार लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. लाख शेगडीवर मऊ करणे, तिची पट्टी ओढून कड्यावर चढवणे आणि ती गरम असतानाच एकेक खडा बसवणे, असे हे काम. यातील बराचसा भाग आसपासच्या गल्ल्यांमधून, घराघरांत होतो आणि त्यात स्त्रियांचे हात मोठ्या प्रमाणावर गुंतलेले असतात. लाख, कडी व खडे दुकानदाराकडून किंवा ठेकेदाराकडून येतात, तयार बांगड्या त्याच्याकडेच परत जातात आणि मजुरी नगावर मिळते. हीदेखील घराबाहेर न पडता काम करणारी स्त्री आहे. कौशल्य तिचे, जागा तिची, शेगडीचा कोळसाही पुष्कळदा तिचाच. तरी तिला कोणी व्यापारी म्हणत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण माल तिचा नाही.

मजुरीपासून मालकीपर्यंतचे हे अंतर स्त्रियांच्या उद्योजकतेवरील चर्चेत फार क्वचित मोजले जाते. चर्चा होते ती प्रशिक्षणाची. शिवणवर्ग निघतात, मेहंदीचे वर्ग निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. वस्तुतः ज्या समाजात भरतकाम, जरदोजी, शिवण, बिडी आणि बांगडी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आली आहेत, तेथे हुन्नराची टंचाई नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार मुस्लिम स्त्री कामगारांपैकी सुमारे ७० टक्के आपल्या राहत्या घरातच काम करतात. सर्व कामगारांमध्ये हेच प्रमाण ५१ टक्के होते. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातील सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी ८० लाखांच्या आसपास, म्हणजे १३.७६ टक्के, स्त्रियांच्या मालकीच्या आढळल्या आणि त्यांपैकी पाचांत चारांहून अधिक ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. म्हणजे जिला कागदोपत्री मालक म्हटले आहे, तीही बहुधा एकटीच राबणारी आहे.

ठेकेदाराची साखळी

माल दुसऱ्याचा असला की काय होते, याचा अनुभव बेळगाव जिल्ह्यातील निपाणीला चांगलाच आहे. तंबाखू आणि बिडी यांवर हे गाव उभे राहिले. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, त्यांच्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपटही निघाला. वखारीतली बाई निदान दहाजणींबरोबर बसते. घरी बिड्या वळणारी मात्र एकटी असते. तिला ठेकेदार पान आणि तंबाखू मोजून देतो. पान कमी पडले किंवा वाळके निघाले तर भरपाई तिने करायची. वळलेल्या बिड्यांतून काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी नाही. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले, हे त्या काळी मोठे पाऊल होते (हा कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे). पण कायद्याने फार तर मजुरीला संरक्षण मिळते. मालकी मिळत नाही.

बांगलादेशात चितगावजवळ जोबरा नावाचे खेडे आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांना १९७६ च्या सुमारास तेथे बांबूची मोढी विणणारी एक स्त्री भेटली. दिवसाला लागणारा बांबू पाच टक्यांचा. तेवढे पैसे नसल्यामुळे ती दलालाकडून बांबू घेई, मोढा त्यालाच विकी आणि तिच्या हाती अर्धा टका उरे. गावातल्या अशा ४२ जणांचे एकूण देणे किती, याची यादी केली तेव्हा बेरीज झाली ८५६ टका. पुढे ग्रामीण बँक स्थापन झाली, २००६ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला, हा इतिहास परिचित आहे. येथे महत्त्वाचे आहेत ते पाच टके. त्या पाच टक्यांच्या बांबूसाठी तिने आपल्या वस्तूचा भाव ठरवण्याचा हक्क गमावला होता.

आपल्याकडील हिशेबही मांडून पाहता येईल. समजा, एका दुपट्ट्यावरील भरतकामाला ठेकेदार ६० रुपये देतो आणि एक स्त्री महिन्याला १२ दुपट्टे करते. तिला ७२० रुपये मिळतात, तेही आठवड्याच्या आठवड्याला. तिने स्वतः कापड व रेशीम घेतले, दुपट्ट्यामागे १५० रुपये खर्च आला आणि दुकानदाराने ३०० रुपयांना तो घेतला, तर महिन्याला १८०० रुपये उरतात. मजुरीच्या अडीचपट! मग हे सगळ्याच का करीत नाहीत? कारण दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतो. पहिली रक्कम हाती येईपर्यंत तिला तीन महिन्यांचा माल घ्यावा लागतो, म्हणजे ५४०० रुपये. आणि त्या तीन महिन्यांत ठेकेदाराची मजुरी बंद, म्हणजे आणखी २१६० रुपये. एकूण साडेसात हजारांचा हा उंबरठा आहे. एखादे मूल आजारी पडले की त्यातलेच पैसे जातात आणि ती परत ठेकेदाराकडे येते. पुष्कळदा याला ‘बायकांना धंदा जमत नाही’ असे म्हटले जाते.

साडेसात हजार कोठून यायचे?

शरीअतने स्त्रीच्या मालमत्तेचा हक्क स्वतंत्र मानला आहे. तिची कमाई तिची, मेहर तिचा, वारशातील वाटा तिचा. इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळण्यास १८७० साल उजाडावे लागले, ही तुलना लेखांतून अभिमानाने केली जाते. तुलना खरी आहे. पण हक्क आणि हाती असलेली रक्कम यांत फरक आहे.

मेहराचेच पाहा. निकाहनाम्यात तो दोन प्रकारे लिहिला जातो. तत्काळ द्यावयाचा तो मुअज्जल, ‘ऐन’ अक्षराने लिहिलेला. आणि पुढे कधीतरी द्यावयाचा तोही मुअज्जल, पण ‘हमजा’ने लिहिलेला. उर्दू लिपीत दोन्ही शब्द स्पष्टपणे वेगळे दिसतात, कानाला मात्र एकच लागतात आणि देवनागरीत तर एकच होऊन जातात. भाषेच्या अभ्यासकाला गंमत वाटावी अशी ही गोष्ट; नवऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र सगळा अर्थ त्या एका अक्षरावर अवलंबून असतो. ‘ऐन’चा मेहर धंद्याचे भांडवल होऊ शकतो. ‘हमजा’चा मेहर बहुधा तलाकच्या वा मय्यतीच्या वेळीच आठवतो, आणि मय्यतीच्या वेळी माफ करवून घेण्याचा रिवाजही सर्वांना माहीत आहे. निकाहाच्या वेळी वधूकडील किती माणसे हे अक्षर वाचून पाहतात?

वारशाची कथा याहून वेगळी नाही. १९३७ च्या शरीअत कायद्याने रूढीपेक्षा शरीअतला अग्रक्रम दिला, पण शेतजमीन त्यातून वगळली. दक्षिणेतील काही भागांत नंतर दुरुस्त्या झाल्या. घर व दुकान यांत बहिणीचा वाटा असतो, तेथे भावांशी संबंध टिकावेत म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते. परिणामी बँकेत तारण म्हणून दाखवावे असे तिच्या नावावर काहीही उरत नाही. उरतात ते दागिने. देवबंद येथे १९६१ मध्ये सुरू झालेल्या मुस्लिम फंडासारख्या संस्थांनी दागिन्यांवर बिनव्याजी रक्कम देण्याची पद्धत रूढ केली. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. मात्र अशा संस्थांकडे येणारी कर्जे आजारपण, लग्न आणि शाळेची फी यांसाठी जितकी मागितली जातात, तितकी मालखरेदीसाठी मागितली जात नाहीत. आणि मागितली तरी परतफेडीची मुदत धंद्याच्या चालीप्रमाणे ठेवण्याची तयारी हवी.

मुदतीचा हा मुद्दा लहान नाही. सूक्ष्म वित्तसंस्थांचे कर्ज दारात येऊन मिळते, पण हप्ता पुढच्याच आठवड्यापासून सुरू होतो. वरील हिशेबातील स्त्रीला पहिली विक्रीची रक्कम तिसऱ्या महिन्याअखेर मिळणार, म्हणजे तोवरचे हप्ते ती कर्जाच्याच पैशातून भरणार. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, हा प्रकार संयुक्त आंध्र प्रदेशात इतका वाढला की ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. ८ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय मिळते; साडेसात हजारांचा उंबरठा त्यात सहज बसतो. येथे दुसरी अडचण येते. कर्ज बाईच्या नावाने उचलले जाते आणि वापरले जाते घरातील पुरुषाच्या दुकानात. अ‍ॅन मारी गोएट्झ व रीना सेनगुप्ता यांनी १९९६ साली बांगलादेशातील कर्जांचा अभ्यास करून हेच दाखवले होते. फेडण्याची जबाबदारी तेवढी तिच्याकडे राहते.

पोळपाट तोच, मालक वेगळा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतची ही कहाणी अनेकदा सांगितली जाते. तिच्यातील कार्यपद्धतीकडे मात्र कमी लक्ष जाते. लाटणारी स्त्री सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घेऊन जाते, घरी पापड लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी आणून देते. मजुरी वजनावर मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला हा ठेकेदाराचाच कारभार वाटेल. घर तेच, पोळपाट तोच, मोजून दिलेले पीठही तसेच. फरक एवढाच की उडीद व हिंग खरेदी करणारी संस्था त्या स्त्रियांची स्वतःची आहे, म्हणून नफा त्यांच्यात वाटला जातो. सुरुवातीपासून त्यांनी देणगी घ्यायची नाही असे ठरवले होते. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतील ४००० स्त्रियांनीही १९७४ मध्ये प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक उभारली, तीही याच विचाराने. ज्या स्त्रीला घरातच राहून काम करावयाचे आहे, तिने आधी घराबाहेर पडावे, ही अट या दोन्ही ठिकाणी नाही. मालाची खरेदी एकत्र केली, एवढेच.

लाड बाजारच्या बांगडीला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे ‘हैदराबादची लाखेची बांगडी’ या नावाला संरक्षण मिळाले, ही आनंदाची बाब आहे. पण हा निर्देशांक नावाचे रक्षण करतो, नगावरील मजुरीचे नाही. आठ-दहा घरांनी मिळून लाख आणि खडे घाऊक भावात घेतले, तरच वाढलेल्या नावाचा काही वाटा शेगडीपर्यंत पोहोचेल.

राहिला उधारीचा प्रश्न. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करावयाचे असतात. न केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून मोफत आहे. पॅन कार्ड नसलेल्या अगदी छोट्या धंद्यांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ची सोय झाली. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. मात्र नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी लागते, आणि माल दिल्याचा कागद हवा. कोणत्या तारखेला किती नग दिले, काय भावाने दिले, हे बिलावर तिच्या स्वतःच्या नावाने लिहिलेले आणि दुकानदाराने सही करून स्वीकारलेले असले पाहिजे. आज पुष्कळ घरांत हा हिशेब कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला असतो आणि बिल, निघालेच तर, दिराच्या किंवा भावाच्या नावाने निघते.