गोरिलांना खरूज झाली तेव्हा

खरजेचा रुग्ण आला, की आम्ही परिचारिका पहिला प्रश्न विचारतो: "घरात आणखी कोणाला खाज येते?" युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात हाच प्रश्न एकदा गोरिलांसाठी विचारावा लागला.

ब्विंडी हे युगांडाच्या नैऋत्येचे डोंगराळ वर्षावन. उंची साधारण १,१६० ते २,६०० मीटर. जगातले जवळपास निम्मे पर्वतीय गोरिला इथे आहेत. बुहोमा गावातून निघायचे, जंगल ओलांडून न्कुरिंगोला मुक्काम करायचा आणि पुढे डोंगरउतारावरच्या शेतांमधून मुटांडा तलाव गाठायचा, अशी ही दोन-तीन दिवसांची पायपीट. जंगलात वाटाड्याशिवाय जाता येत नाही. वाटेत चिखल, ओली मुळे आणि चावऱ्या मुंग्या. म्हणून पँट मोज्यात खोचतात, हातात काठी घेतात. ओझे वाहायला गावातली माणसे मजुरीवर येतात, त्यांत बायाही असतात.

गोरिला पाहायचे असतील, तर नियम कडक आहेत. सर्दी, खोकला किंवा ताप असलेल्याला नेत नाहीत. एका कळपाजवळ आठच पाहुणे, तेही तासभर, मास्क लावून आणि अंतर राखून. माणसाची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते.

हे शहाणपण अनुभवातून आले. १९९६ मध्ये इथल्या गोरिलांना खरूज झाली. अंगावरचे केस गळाले, एक पिल्लू दगावले. पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी उपचार केले आणि बाकीचे वाचले. गोरिला केळीच्या बागांत शिरत. तिथल्या बुजगावण्यांच्या जुन्या कपड्यांतून आजार गेला असावा, असे अनुमान निघाले. म्हणजे खरूज आधी गावात होती आणि तिथे औषध पोहोचले नव्हते. गोरिला वाचवायचे, तर आधी गावाला दवापाणी हवे, हे डॉक्टरांनी ओळखले. २००३ मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली. तिचे स्वयंसेवक घरोघर जाऊन स्वच्छतेची आणि आजारांची माहिती देतात.

या जंगलाचे मूळ रहिवासी बत्वा. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांना मोबदल्याविना बाहेर काढले गेले. शेजारचे लोक त्यांच्या पंगतीला बसत नसत, त्यांच्या भांड्यातले पाणी पीत नसत. ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. झाडाखाली त्यांना तपासण्यापासून सुरू झालेल्या कामातून पुढे ब्विंडी कम्युनिटी हॉस्पिटल उभे राहिले. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने बत्वांच्या बाजूने निकाल दिला. आज जंगलाच्या कडेला बत्वा पाहुण्यांना झाडपाल्याची औषधे आणि जुनी राहणी दाखवतात.

खरूज कातडीखाली शिरणाऱ्या बारीक किड्यामुळे होते. ती जात, गाव काही पाहत नाही. खरूज झाली म्हणजे माणूस घाणेरडा, असेही नाही. घरात एकाला झाली, तर डॉक्टरांना विचारून सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावे, खाज नसली तरी. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. शेजारच्या घरीही खाज असेल, तर लाजवू नका. त्यांनाही सोबत दवाखान्यात न्या.