कोशाबाहेर राहिलेली क्रियापदे

नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांताची, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाची, राजधानी होते, आणि कारभाराची देशी भाषा घडवण्याचा मोठा खटाटोप त्याच काळात इथे झाला. लाहोरहून आलेले डॉ. रघुवीर मध्य प्रांताच्या सरकारसाठी परिभाषा रचत होते. संस्कृत धातू घ्यायचा, उपसर्ग-प्रत्यय जोडायचे, की नवा शब्द तयार. गंमत अशी की पद्धत धातूंची, म्हणजे क्रियेची. हाती मात्र आली बहुतेक नामेच.

1960 साली महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय निघाले. 1962 मध्ये पदनाम कोश, 1964 चा राजभाषा अधिनियम, 1973 मध्ये शासन व्यवहार कोश. हे काम झाले नसते तर फाइल इंग्रजीतच राहिली असती. पण कोशातून नाम उचलले की लिहिणारा त्याला 'करणे' चिकटवतो. 'तपासा' मागे पडले, 'तपासणी करण्यात यावी' आली. 'मोजा'चे 'मोजमाप घेण्यात यावे' झाले. कोणी मोजायचे? वाक्यात कुणीच नाही. कायद्याच्या कलमात हे खपते, कधी हवेही असते. यंत्राच्या माहितीपत्रकात नाही. तिथे 'आधी मोटर बंद करा, मग झाकण काढा' एवढेच हवे; बोट अडकायला एक लांबलचक वाक्य पुरते.

नागपूर शहराबाहेरच्या शिवारात तोवर कुणाचे अडले नव्हते. वखरणे, पेरणे, डवरणे, निंदणे, वेचणे: कापसाचा हंगाम एवढ्यात बसतो. संत्र्याची बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात. मग पाणी देऊन बहार धरतात. झाडाच्या शरीरशास्त्राचा आख्खा धडा या दोन-तीन क्रियापदांत आहे, आणि तो बागवानाला समजावून सांगावा लागत नाही.

लिखित मराठीतही असा नमुना होता. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' 1978 मध्ये आले. रिद्धपूरच्या परिसरातले तेराव्या शतकातले गद्य, वाक्ये आखूड, क्रियापद ठसठशीत. शासन व्यवहार कोश आणि ही आवृत्ती एकाच दशकातली. मसुदे लिहिणाऱ्यांच्या टेबलावर पहिलाच पोचला.

अलीकडे थोडा फरक पडला तो मोबाइलच्या पडद्यामुळे. बटणावर जागाच नसते, म्हणून 'शोधा', 'पाठवा', 'हटवा' आले. शेजारीच 'डाउनलोड करा', 'शेअर करा' आहेत: नाम आता इंग्रजी, 'करा' तेच.