हुंडीच्या गावातील हिशेबाचा धडा

तापीकाठच्या बऱ्हाणपूरचे नाव निघाले की 1631 मध्ये तेथे निवर्तलेल्या मुमताजमहलचे स्मरण होते. परंतु सुरत-आग्रा व्यापारमार्गावरील या शहराची खरी प्रतिष्ठा तेथील सराफांच्या शब्दात होती. बऱ्हाणपुरात लिहिलेली हुंडी सुरतेत वटे, याची नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निए याने केली आहे. व्याज, मुदत आणि पत यांचे ज्ञान पेढीवरील पोराला मिसरूड फुटण्यापूर्वीच होत असे. आज यंत्रमाग आणि केळीच्या बागा यांवर जगणाऱ्या याच शहरातील मुले महाविद्यालयांत शिकतात. पदवीबरोबर हे ज्ञान त्यांना कोण देणार?

प्रश्न एकट्या बऱ्हाणपूरचा असता, तर सागरकिनाऱ्यावर बसून त्याची चिंता करण्याचे आम्हांस कारण नव्हते. पण एप्रिल 2020 मध्ये म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवींवरील विम्याला 5 लाख रुपयांची मर्यादा असते, हे गोमंतकातील कित्येक सुशिक्षितांना प्रथमच उमगले असेल. शिक्षण आणि व्यवहारज्ञान यांची फारकत सर्वत्र सारखीच आहे.

पूर्वी सावकाराच्या ओट्यावर जाताना पाय अडखळत. आता कर्ज खिशातील फोनमध्येच बसले आहे. ‘महिन्याला अवघे 3 टक्के’ हे शब्द गोड वाटतात. पण 10,000 रुपयांचे देणे वर्षभर थकले, तर चक्रवाढीने ते 14,250 च्या वर जाते. समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांत 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत दहांपैकी नऊहून अधिक व्यक्तींना तोटा झाला, असे ‘सेबी’नेच 2024 मध्ये जाहीर केले. त्यांत तिशीच्या आतील तरुणांचा वाटा वाढत असल्याचेही तिने सांगितले. याहून भयंकर प्रकार म्हणजे थोड्याशा दलालीच्या आमिषाने आपले बँक खाते परक्याच्या हवाली करणे. त्यातून ठकांचा पैसा फिरतो. खाते गोठते, पोलीस दारी येतात, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव दुबळा ठरतो.

म्हणून महाविद्यालयांनी, मग ती बऱ्हाणपूरची असोत वा मडगावची, हा विषय हाती घ्यावा, असे आमचे मत आहे. त्यासाठी जाडजूड पाठ्यपुस्तक नको. महिन्याचा जमाखर्च लिहिणे, कर्जाचा करारनामा वाचणे, विमा आणि गुंतवणूक यांतील भेद ओळखणे, एवढे प्रत्यक्ष करून घेतले तरी पुष्कळ झाले. मात्र ज्यांना काही विकायचे आहे, त्यांच्या हाती खडू देऊ नये. विमा कंपनीच्या प्रतिनिधीने बचतीवर व्याख्यान देणे म्हणजे मांजराने दुधाच्या राखणीवर प्रवचन करणे होय.

पैशाचा विचार करणे हलकेपणाचे, अशी एक समजूत आपल्या पांढरपेशा घरांत अजून टिकून आहे. लंडनमध्ये शिकणारा तरुण मोहनदास गांधी पैपैचा हिशेब लिहून ठेवीत असे, आणि पुढे सार्वजनिक निधीचा चोख हिशेब देण्याची सवय त्यातूनच जडली, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात नमूद केले आहे. ज्याला स्वतःच्या मिळकतीचा हिशेब ठेवता येतो, तोच उद्या नगरपालिकेला आणि सरकारलाही हिशेब विचारू शकतो. लोकशाहीला असे नागरिक हवे असतील, तर त्यांची घडण महाविद्यालयाच्या वर्गातच सुरू झाली पाहिजे.