खेकडे घरी रांधताना घ्यावयाची दक्षता

समुद्रातील कुर्ल्या-चिंबोऱ्या असोत वा पावसाळ्यात ओढ्याकाठी मिळणारे मुठे, खेकडा पूर्ण शिजवूनच खावा. गोड्या पाण्यातील कच्च्या किंवा अर्धकच्च्या खेकड्यातून फुफ्फुसांत कृमींची बाधा होऊ शकते. मणिपूर व अरुणाचल प्रदेशात असे रुग्ण आढळले आहेत.

निवड : शक्यतो जिवंत, हालचाल करणारा खेकडा घ्यावा. जयपूरच्या मानसरोवरसारख्या समुद्रापासून दूरच्या वसाहतींत बर्फातील खेकडा घेताना उग्र दर्प येत असल्यास तो नाकारावा.

साफसफाई : कवच उघडून कल्ले काढावेत व खेकडा स्वच्छ पाण्याने धुवावा.

पायांचा रस : बारीक पाय वाटून गाळलेला रस कच्चाच असतो. तो घालून लगेच आच बंद करू नये. त्यानंतर रस्सा किमान 15 मिनिटे खळखळून उकळावा. औषध म्हणूनही कच्चा रस मुलांना पाजू नये. पाटा, मिक्सरचे भांडे, सुरी व हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीस हात लावू नये.

शिजवणे : कवच लाल झाले म्हणजे आतील मांस शिजले असे नव्हे. ते पांढरे व घट्ट झाल्याची खात्री करावी.

साठवण : उरलेला रस्सा 2 तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि पुन्हा उकळूनच वाढावा.

खेकडा खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. दीर्घकाळ खोकला व थुंकीतून रक्त ही लक्षणे क्षयरोगाची असू शकतात, तशीच या कृमींचीही. म्हणून तपासणीच्या वेळी खेकडा खाल्ल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. योग्य औषधाने ही बाधा बरी होते.