शेवरलेच्या अंगात सुबारू

परवा आमगाव रोडवर एक जुनी शेवरले फॉरेस्टर दिसली आणि मी गाडी बाजूला घेतलीच!

नाव शेवरले, पण गाडी अस्सल जपानी सुबारू. जनरल मोटर्सनं ती 2000 नंतरच्या दशकात आपल्याकडे विकली. 2017 अखेर कंपनीनं भारतात विक्रीच थांबवली, त्यामुळे आता सुटे भाग शोधायचे ते सुबारू म्हणूनच. इंजिन नंबर, चेसिस नंबर दाखवा. नुसतं ‘शेवरलेचा पार्ट’ म्हणाल तर दुकानदार हात वर करेल.

इंजिन बॉक्सर. पिस्टन उभे नाहीत, दोन्ही बाजूंना आडवे. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट कडक झालं की ऑइल खाली गरम एक्झॉस्टवर ठिबकतं. सिग्नलला थांबल्यावर जळका वास आला, तर आधी तिथं टॉर्च मारा.

टायमिंग बेल्ट लाखभर किलोमीटरला बदलाच. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, मग खर्च विचारू नका. सोबत वॉटर पंप आणि आयडलरही बघून घ्या.

चारही चाकांना ताकद जाते, म्हणून चारही टायर एकसारखे हवेत. एकच नवा टाकणं म्हणजे डिफरन्शियलला छळणं.

आणि आमच्या आमगाव भागात राइस मिलचा कोंडा उडतो, म्हणून एअर फिल्टर लवकर उघडून बघा.

कुणाकडे अशी गाडी आहे का? काय त्रास देतेय, कमेंटमध्ये लिहा.