सूत चढले की कापड चढते का?

भिवंडी-मालेगावच्या बाजारात एक वाक्य रोज कानावर पडते : “सूत चढले, आता कापडही चढणार.” मीही अनेक वर्षे याच भरवशावर माल भरला. एका वर्षी सुताने उसळी घेताच उधारीवर ग्रे कापडाचे तागे घेऊन ठेवले. सूत चढतच राहिले, कापड मात्र जागचे हलले नाही. माल गोदामात पडून राहिला आणि उधारीची मुदत भरली. शेवटी घाट्यात माल काढून देणी भागवली.

चूक कोठे झाली ते पुढे भाचीच्या वहीतून कळले. अकरावी कॉमर्सच्या गणितात सहसंबंध नावाचा धडा आहे. त्यातला स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, प्रत्येक व्यापाऱ्याने शिकावा असा आहे.

रीत सोपी आहे. चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर सुताचा भाव मांडा, उभ्या रेषेवर कापडाचा. प्रत्येक महिन्याचा एक ठिपका द्या. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले तर दोन्ही भाव सोबत चालतात. उतरत गेले तर एक वाढतो तेव्हा दुसरा घटतो. सांडलेल्या डाळीसारखे कुठेही पडले तर सरळ संबंध दिसत नाही. कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा आकडा हे मोजतो. तो उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान असतो. शून्याजवळ आला तर सरळ रेषेतला संबंध नसल्यासारखाच.

माझ्या जुन्या वह्यांतले भाव आम्ही मांडले. ठिपके छान चढत गेले होते, पण ते सगळे तेजीच्या महिन्यांचे होते. तेव्हा मालाला उठाव होता आणि त्या उठावानेच सूतही ओढले, कापडही ओढले. मी फसलो त्या वर्षी कापसाच्या टंचाईने सूत महागले होते आणि गिऱ्हाईक थंड होते. दोघांना ओढणारी तिसरी गोष्टच गायब होती!

ईदचे उदाहरण घ्या. 2023 आणि 2024 ची ईद-उल-फित्र एप्रिलात आली, 2025 ची 31 मार्चला. तेवढ्याच वर्षांचे ठिपके मांडणारा अनोळखी माणूस म्हणेल, ऊन वाढले की आपल्या मोहल्ल्यात कपडा खपतो. आपण त्याला हसू, कारण खपवणारी ईद आहे हे आपल्याला ठाऊक आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2030 मध्ये तो जानेवारीच्या थंडीत येईल, तेव्हा त्या माणसाचा हिशेब कोसळेल. सूत आणि कापडाच्या बाबतीत तो अनोळखी माणूस मीच होतो.

म्हणून व्यापारी बांधवांना तीन गोष्टी सांगतो. एक, ठिपके मांडताना मंदीचे महिने वगळू नका. दोन, रांगेबाहेर पडलेला ठिपका खोडू नका, त्या महिन्यात काय घडले ते विचारा. तीन, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, चित्र काढा. फ्रान्सिस अँस्कम्ब या संख्याशास्त्रज्ञाने 1973 साली चार तक्ते मांडले. चारही तक्त्यांचा सहसंबंध जवळपास सारखाच, सुमारे 0.82. पण चित्रे चार तऱ्हांची निघाली.

दोन गोष्टी सोबत चालतात एवढेच ठिपके सांगतात. कोण कोणाला चालवते हे बाजारात फिरून, गिऱ्हाइकाला विचारूनच कळते. ते कळेपर्यंत उधारीवर माल भरू नये. रिज्क देणारा अल्लाह आहे, पण हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्याने आपल्यावरच टाकली आहे.