पाच वर्षांची राजधानी

स्वतंत्र ग्रीसचा कारभार सुरुवातीला अथेन्समधून चालत नव्हता. तो चालायचा तिथून साधारण १४० किलोमीटरवरच्या नाफ्प्लिओ या बंदरातून. १८२९ ते १८३४ हे गाव देशाची राजधानी होतं. पुढे राजधानी अथेन्सला हलली आणि माझ्या मते त्यामुळेच नाफ्प्लिओ वाचलं. मंत्रालयं आणि रुंद रस्ते तिकडे झाले. इकडे बोगनवेलींच्या बोळी, लाकडी सज्जे आणि संगमरवरी फरशीचा सिंतग्मा चौक राहिला.

त्याआधी गावासमोरच्या, जहाजांना आडोसा देणाऱ्या आखातासाठी व्हेनिस आणि तुर्क शतकानुशतकं झगडले. डोक्यावरच्या २१६ मीटर उंच टेकडीवर व्हेनिसने १७११ ते १७१४ या काळात पालामिदी किल्ला बांधला. आठ स्वतंत्र बुरूज, एक पडला तरी बाकीच्यांनी लढावं अशी रचना. तरी १७१५मध्येच तुर्कांनी तो घेतला. ग्रीक क्रांतिकारकांच्या हाती तो आला १८२२च्या नोव्हेंबरअखेरीस. वर जाणाऱ्या पायऱ्या ९९९ असल्याचं गावकरी सांगतात. प्रत्यक्षात त्या कमी आहेत, पण उन्हात चढताना तेवढ्याच वाटतात. सकाळीच निघावं.

बंदरासमोर पाण्यातच बूर्त्झी हा छोटा किल्ला आहे. जंजिरा पाहिलेल्याला तो ओळखीचा वाटेल, मात्र आकाराने फारच लहान. १४७३मध्ये व्हेनिसने तो उभारला. एकोणिसाव्या शतकात पालामिदीच्या कैद्यांना मृत्युदंड देणारे जल्लाद इथे राहत, आणि विसाव्या शतकात इथे चक्क हॉटेल चालायचं.

पण मला सर्वांत जास्त थांबवतं ते सेंट स्पिरिडॉनचं लहानसं चर्च. ९ ऑक्टोबर १८३१ रोजी देशाचे पहिले राज्यप्रमुख इयोआनिस कापोदिस्त्रियास प्रार्थनेला निघाले होते. मानी प्रांतातल्या मावरोमिखालिस घराण्याचा प्रमुख त्यांनी तुरुंगात टाकला होता. त्याच घराण्यातल्या दोघांनी त्यांना चर्चच्या दाराशी मारलं. गोळीची म्हणून दाखवली जाणारी खूण दाराजवळ काचेखाली जपली आहे. कोवळ्या देशाला एका हाती शिस्त लावू पाहणारा माणूस आणि आपल्या मुलखाचे आपणच मालक मानणारी घराणी, यांचा तो झगडा होता. ते गेले आणि देश यादवीत सापडला.

१८३३मध्ये बव्हेरियाचा तरुण राजपुत्र ओटो राजा म्हणून याच बंदरात उतरला. त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्यांनी स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस यालाच देशद्रोहाच्या आरोपाखाली कैद करून मृत्युदंड सुनावला. पुढे त्याला माफी मिळाली. पालामिदीवर त्याची म्हणून एक अंधारी कोठडी दाखवतात, आणि खाली गावातल्या बागेत त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे.